स्वतःची नाडी स्वतःच पाहणारं यंत्र

दोस्तांनो, मोटार सुरू करताना किल्ली फिरवली की चालकासमोरच्या फळीवरचे लाल-पिवळे दिवे एकदम लागतात आणि थोड्या वेळानं विझतात. पाहिलंत ना? आता विचार करा, इंजिनात काही बिघाड नसताना बिघाडाचे दिवे लावायचे कशाला? उत्तर सोपं आहे. दिवाच उडालेला असेल तर बिघाड झाल्यावर तो लागणार कसा? न लागलेल्या दिव्याचे दोन अर्थ होतात. एक, ‘सगळं ठीक आहे’. दुसरा, ‘दिवा गेलाय’. हे दोन अर्थ वेगळे करायचे म्हणून सुरुवातीलाच सगळे दिवे एकदा लावून दाखवायचे.

आपलं आजचं यंत्र ही युक्ती तर करतंच, पण तिच्या पुष्कळ पुढे जातं. त्याचं नाव सिग्नल जनरेटर. नाव भारदस्त आहे, काम मात्र एका वाक्यात सांगता येईल. आपण सांगू तो विजेचा सूर, आपण सांगू तेवढ्या जोरात, आपण थांब म्हणेपर्यंत लावून धरायचा. तानपुरा कसा मागे बसून एकच सूर देत राहतो आणि गवई त्यावर आपला आवाज पारखून घेतो? तसंच हे. फरक इतकाच, की इथे गवयाच्या जागी रेडिओ, टीव्ही, मोबाइल फोन किंवा विमानातलं एखादं उपकरण बसलेलं असतं. दुरुस्ती करणारा माणूस जनरेटरमधून ठरावीक लहर त्या उपकरणाला पाजतो आणि ते बरोबर उत्तर देतं का ते बघतो.

पण तानपुराच उतरला असेल तर? मग गवई कितीही चांगला असला तरी गाणं बिघडणार. वर गंमत म्हणजे दोष गवयाला मिळणार!

ही नुसती गाण्याची गोष्ट नाही, हे कळावं म्हणून तुम्हांला जरा विमानतळावर नेतो. पावसाळी रात्र आहे, ढग खाली उतरलेत, वैमानिकाला समोरचं काही दिसत नाही. तरी विमान बरोबर धावपट्टीच्या रेषेत खाली येतं. कसं? धावपट्टीच्या पलीकडच्या टोकापुढे अँटेनांची एक लांबच लांब रांग उभी असते. तिच्यातून १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या दरम्यानची रेडिओलहर विमानाच्या दिशेनं निघते. या लहरीच्या पाठीवर दोन सूर बसलेले असतात, एक ९० हर्ट्झचा आणि दुसरा १५० हर्ट्झचा. (गल्लीतला ट्रान्स्फॉर्मर घुमतो ना, तो आपल्याकडे १०० हर्ट्झचा असतो. म्हणजे पहिला सूर त्याहून थोडा खालचा आणि दुसरा बराच वरचा समजा.) विमान मध्यरेषेच्या डावीकडे गेलं की ९०चा सूर जोरात, उजवीकडे गेलं की १५०चा. दोन्ही सारखे असले की समजायचं, आपण अगदी मधोमध आहोत. विमानातला रिसीव्हर या दोन सुरांची तुलना करतो आणि वैमानिकासमोरचा काटा डावी-उजवीकडे हलवतो. या सगळ्या व्यवस्थेला इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम म्हणतात.

आता तो रिसीव्हर दुरुस्तीला आला आहे असं समजा. इंजिनिअर सिग्नल जनरेटर जोडतो आणि त्याला सांगतो, “दोन्ही सूर अगदी सारखे दे.” काटा मधोमध यायला हवा. पण जनरेटर आतून बिघडलाय आणि सारखे म्हणून थोडे कमी-जास्त सूर देतोय. काटा बाजूला जातो. इंजिनिअरला वाटतं, रिसीव्हर चुकतोय. मग तो स्क्रू फिरवून चांगल्या रिसीव्हरला ‘सुधारतो’. झालं! आता तो रिसीव्हर आयुष्यभर प्रामाणिकपणे खोटं सांगणार.

हे खोटं किती महागात पडेल? हिशेब करू. धावपट्टीच्या सुरुवातीशी काटा एका टोकाला जायचा असेल तर विमान मध्यरेषेपासून साधारण १०५ मीटर बाजूला असावं लागतं. म्हणजे काटा त्याच्या पल्ल्याच्या एक-चतुर्थांश चुकला तर विमान २६ मीटर बाजूला. मोठी धावपट्टी बहुधा ४५ मीटर रुंद असते, तिचा अर्धा भाग साडेबावीस मीटर. काढा आता उत्तर! अर्थात वैमानिक एकट्या काट्यावर जीव टाकत नाही. साध्या प्रतीच्या व्यवस्थेत जमिनीपासून ६० मीटर उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, तर त्याला विमान पुन्हा वर न्यावंच लागतं. पण तिथवर आणणारा काटाच असतो, हे विसरू नका.

म्हणूनच चांगल्या सिग्नल जनरेटरला नुसता सूर लावून भागत नाही. त्याला स्वतःवर सतत डोळा ठेवावा लागतो. तो कसा, ते आता डबा उघडून बघू.

बटण दाबलं की पंखा घूं करतो आणि आकड्यांच्या खिडकीत क्षणभर सगळीकडे ८ दिसतात. ८८८८८८८८. बाकी आकडे सोडून ८च का? कॅल्क्युलेटर घ्या आणि नीट पाहा. प्रत्येक आकडा सात छोट्या काड्यांचा बनलेला असतो आणि सातही काड्या लागतात त्या फक्त ८मध्ये. मधली काडी मेलेली असेल तर ८चा ० दिसेल, वरची उजवी मेलेली असेल तर ६, खालची डावी मेलेली असेल तर ९. ११८ म्हणून लावलेली लहर ११० दिसली तर केवढा घोटाळा! नव्या यंत्रांत टीव्हीसारखा पडदा असतो, तिथे हा खेळ दिसत नाही. मला विचाराल तर त्या ८च्या रांगेत जी गंमत होती, ती पडद्यात नाही.

खिडकीत ८ चमकत असतात तोवर आत बरंच काही चाललेलं असतं. यंत्राच्या आत एक छोटा संगणक असतो. तो आधी स्वतःची डोकेतपासणी करतो. त्याला काय काय करायचं याच्या सूचना कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात, हजारो आकड्यांच्या रूपात. त्यातला एखादा आकडा पुसला गेला तर? कारखान्यात या सगळ्या आकड्यांची गोळाबेरीज करून ती शेवटी टाचून ठेवलेली असते. यंत्र दर वेळी नव्यानं बेरीज करतं आणि टाचलेल्या उत्तराशी ताडून बघतं. जुळली तर पुढे, नाही तर थांब. तुमच्यातला एखादा चलाख म्हणेल, “एक आकडा दोननं वाढला आणि दुसरा दोननं कमी झाला, तर बेरीज तीच राहील की!” शाब्बास. म्हणूनच आजकाल साधी बेरीज न करता अशी गुंतागुंतीची आकडेमोड करतात, की असल्या जोडचुकाही बहुतेक सापडतात.

मग पाळी येते तात्पुरत्या स्मरणशक्तीची, म्हणजे पाटीची. पाटीवर आधी ०१०१०१०१ असं लिहायचं आणि वाचून बघायचं. मग उलट, १०१०१०१० लिहायचं आणि पुन्हा वाचायचं. दोनदा का? एखादं घर कायमचं १वर अडकून बसलं असेल, तर एका खेपेला ते योगायोगानं बरोबर ठरेल. दुसऱ्या खेपेला मात्र पकडलं जाईलच. दोन शेजारची घरं एकमेकांना चिकटली असतील, तर तीही अशीच उघडी पडतात. त्यानंतर संगणक आतल्या निरनिराळ्या वीजपुरवठ्यांची व्होल्टेजं मोजतो. हे सारं व्हायला डोळ्याची पापणी लवायचा ते फार तर काही सेकंदांचा वेळ. काही चुकलंच तर पडद्यावर चुकीचा क्रमांक येतो. दुरुस्ती करणारा पुस्तकात तो क्रमांक बघतो, की कुठल्या फळीवर शोधायचं ते त्याला कळतं.

इथवरचं काम कुठलाही संगणक करतो. सिग्नल जनरेटरची खरी कसोटी पुढे आहे. त्याला दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, सुराची पट्टी आणि सुराचा जोर. पट्टीला आपण वारंवारता म्हणतो, सेकंदाला किती कंपनं ते.

पट्टीचा राखणदार असतो क्वार्ट्‌झचा एक छोटासा स्फटिक. घड्याळात असतो त्याचाच हा थोरला भाऊ. त्याला विजेचा धक्का दिला की तो ठरावीक वेगानं थरथरतो, बहुधा सेकंदाला १ कोटी वेळा, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. पण हे महाशय थोडे नाजूक. खोली गार झाली की त्यांची चाल बदलते, गरम झाली की पुन्हा बदलते. म्हणून चांगल्या यंत्रात त्यांना एका छोट्या भट्टीत ठेवतात. तिथे तापमान सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास एकसारखं राखलेलं असतं. बाहेर नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, आत ऋतू एकच! यंत्र थंड असताना सुरू केलं तर ‘भट्टी अजून तापली नाही’ अशी सूचना पडद्यावर येते. घाई असणाऱ्याला ती दिसली तरी बघायची नसते, पण शहाणा माणूस तेवढ्यात चहा पिऊन येतो.

स्फटिकाची चाल एकच. आपल्याला तर हव्या तितक्या निरनिराळ्या लहरी हव्यात. समजा ११०.१ मेगाहर्ट्झची लहर पाहिजे. त्यासाठी दुसरा एक आंदोलक असतो. तो चपळ आहे, हवा तिथे जातो, पण त्याला शिस्त नाही. त्याला वळण लावायची युक्ती फार सुंदर आहे. स्फटिकाच्या १० मेगाहर्ट्झला १००नं भागा, उत्तर ०.१ मेगाहर्ट्झ. चपळ आंदोलकाच्या ११०.१ला ११०१नं भागा, उत्तर पुन्हा ०.१ मेगाहर्ट्झ. आता हे दोन ठेके शेजारी शेजारी ठेवायचे आणि एका सर्किटनं सारखं बघत राहायचं, दोघांचं पाऊल बरोबर पडतंय का? लेझीम खेळताना आपण ढोलाकडे कान ठेवून पावलं टाकतो ना, तसंच. आंदोलक जरा मागे पडला की सर्किट त्याला देतं तो दाब वाढवून पुढे ढकलतं, पुढे गेला की दाब कमी करून मागे ओढतं. ११०१च्या जागी ११०३नं भागायला सांगा, की आंदोलक आपोआप ११०.३ मेगाहर्ट्झवर जाऊन बसतो! या रचनेला ‘फेज लॉक’ म्हणतात.

यातच पहारा फुकटात मिळतो, तो बघा. पाऊल जुळवायला किती दाब द्यावा लागतोय, हे यंत्राला माहीत असतंच. तो दाब मधल्या पट्ट्यात असेल तर सारं आलबेल. पण तो अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला जाऊन टेकला, किंवा दोन ठेके एकमेकांवरून सारखे घसरू लागले, तर समजायचं की लगाम तुटला. मग पडद्यावर ‘अनलॉक’ अशी धोक्याची सूचना येते. वेगळा पहारेकरी नेमावाच लागला नाही. जो काम करतो त्याच्या घामावरूनच काम जड जातंय हे कळलं.

सुराच्या जोराची गोष्ट तर आणखी जुनी आणि मजेदार आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात बिल ह्यूलेट नावाचा एक विद्यार्थी होता. ऐकू येणारे सूर काढणारा आंदोलक त्यानं बनवला. असल्या आंदोलकाची पंचाईत अशी, की जोर थोडा जास्त झाला तर तो वाढतच जातो आणि सूर फाटतो. थोडा कमी झाला तर विरत विरत बंदच पडतो. दोन्हींच्या मध्ये बरोबर तोल साधायचा कसा? ह्यूलेटनं त्यात चक्क एक छोटा विजेचा दिवा बसवला! दिव्यातली तार तापली की विजेला जास्त अडवते. म्हणजे सूर मोठा झाला, तार तापली, अडथळा वाढला, सूर खाली आला. सूर लहान झाला, तार निवली, अडथळा कमी झाला, सूर वर आला. कुणी बघायला नको, कुणी स्क्रू फिरवायला नको. दिवा स्वतःच जोर मोजतो आणि स्वतःच सुधारतो. ह्यूलेट आणि त्याचा मित्र डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३९ साली पालो आल्टो गावात एका गॅरेजमध्ये कंपनी काढली आणि हा आंदोलक विकायला सुरुवात केली. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत कोण होतं माहीत आहे? वॉल्ट डिस्नेची चित्रपट कंपनी. १९४०च्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी ध्वनीची खास व्यवस्था करायची होती. तिच्या कामासाठी डिस्नेनं या आंदोलकाची सुधारलेली ८ यंत्रं विकत घेतली.

आजच्या यंत्रात दिव्याची जागा एका डायोडनं घेतली आहे. लहर बाहेर पडायच्या आधी तिच्यातला चिमूटभर भाग डायोडकडे वळवतात. डायोड त्याचं साध्या दाबात रूपांतर करतो. ‘किती हवं’ आणि ‘किती आहे’ यांची तुलना होते आणि फरक पडला की आतला नळ तेवढा उघडतो किंवा बंद होतो. नळ पूर्ण उघडूनही जोर पुरत नसेल, तर यंत्र मुकाट्यानं कमी सूर देत बसत नाही. ‘पातळी राखता येत नाही’ असं पडद्यावर सांगतं. एक गोष्ट जाता जाता. कुणी चुकून जनरेटरच्या तोंडाला वॉकीटॉकीसारखा प्रक्षेपक जोडला आणि त्याचं बटण दाबलं, तर बाहेरची वीज उलटी आत घुसून सगळं जाळून टाकेल. म्हणून पुष्कळ यंत्रांत उलटी वीज ओळखून दार खाडकन बंद करणारा एक रिले असतो. वेंधळेपणा होणार, हे यंत्र बनवणाऱ्यानं आधीच धरून ठेवलेलं असतं.

आता तपासणीच्या पुढची पायरी, स्वतःला सुधारणं. आत एक छोटा व्होल्टमीटर असतो, पण तोही काळाबरोबर बिघडतो. मग मीटरला कोण मोजणार? यंत्र काय करतं, आधी मीटरची दोन्ही टोकं जमिनीला जोडतं. खरं उत्तर शून्य यायला हवं. समजा आलं ०.०२. मग आत जपून ठेवलेला एक पक्का दाब जोडतं, समजा १० व्होल्ट. मीटर दाखवतो १०.१२. झालं, चोर सापडला! हा मीटर मुळातच ०.०२ जास्त दाखवतो. शिवाय शून्यापासून दहापर्यंत तो १०.१० इतका चाललाय, म्हणजे दर व्होल्टमागे १.०१ व्होल्ट सांगतोय. पुढच्या वेळी त्यानं ५.०७ दाखवलं, तर संगणक त्यातून ०.०२ वजा करून १.०१नं भागतो. उत्तर बरोबर ५. मीटर न बदलता, स्क्रू न फिरवता, नुसत्या गणितानं दुरुस्ती. असे दुरुस्तीचे आकडे निरनिराळ्या लहरींसाठी आणि निरनिराळ्या जोरांसाठी तक्त्यासारखे मांडून ठेवलेले असतात. पाढे पाठ असलेल्या मुलासारखं यंत्र ते क्षणात वापरतं.

इथवर वाचून तुम्हांला वाटेल, मग आता काही काळजीच नको. यंत्र स्वतःला तपासतं, स्वतःला सुधारतं. थांबा. खरी मेख इथेच आहे.

तुम्ही वाण्याकडे साखर आणायला गेलात. त्याच्याकडे जुना दोन पारड्यांचा तराजू आहे. तो खोटा आहे का, हे तुम्ही कुणाच्याही मदतीशिवाय ओळखू शकता. डाव्या पारड्यात किलोचं वजन आणि उजव्यात साखर तोलून घ्या. मग वजन आणि साखर यांची अदलाबदल करायला सांगा. तरीही तोल राहिला तर तराजू सच्चा. (वाणी ओळखीचा असेल तरच हा प्रयोग करा, बरं का!) पण समजा वजनच खालून पोखरलेलं आहे, एक किलोऐवजी साडेनऊशे ग्रॅमचं. मग हवी तितकी अदलाबदल करा, काही कळणार नाही. त्यासाठी दुसरं, खात्रीचं वजन बाहेरूनच आणावं लागेल. म्हणून तर वैधमापन खात्याचे निरीक्षक ठरावीक मुदतीनं दुकानातली वजनं तपासून त्यांच्यावर छाप मारतात.

आपल्या यंत्राचंही तसंच आहे. आतला ‘पक्का’ १० व्होल्टचा दाबच हळूहळू सरकला, तर मीटर त्याच्याबरोबर आनंदानं सरकेल. आतला स्फटिक वयानुसार किंचित बदलतोच. तो कोटीत एक इतका चुकला, म्हणजे घड्याळाच्या भाषेत वर्षाला साधारण ३ सेकंद, तर फेज लॉक म्हणेल, “पाऊल अगदी जुळलंय!” जुळलेलं असेलच, पण चुकणाऱ्या ढोलाशी. जोर मोजणारा डायोड तर दाराच्या आत उभा असतो. दाराबाहेरची वायर तुटली, त्याला पत्ता नाही.

म्हणून वर्षातून एकदा तरी या यंत्राला परीक्षेला पाठवतात. तिथे त्याच्याहून अचूक यंत्रांशी त्याची तुलना होते, दुरुस्तीचा तक्ता नव्यानं भरला जातो आणि अंगावर तारखेची चिठ्ठी चिकटते. ती परीक्षा घेणारी यंत्रं आणखी वरच्या परीक्षेला बसलेली असतात. अशी शिडी चढत चढत आपण भारतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचतो. तिथे सिझियमच्या अणूंची घड्याळं आहेत. १९६७ साली जगानं ठरवलं, की सिझियमच्या अणूशी निगडित एका ठरावीक लहरीची ९,१९,२६,३१,७७० कंपनं झाली की एक सेकंद झाला. सिझियमचा अणू म्हातारा होत नाही आणि दिल्लीतला अणू पॅरिसमधल्या अणूपेक्षा वेगळा नसतो. म्हणून शिडी तिथे टेकवली आहे. आणखी एक सोय आता झाली आहे. जीपीएसच्या उपग्रहांतही अणुघड्याळं असतात, त्यामुळे गच्चीवर छोटी अँटेना लावून प्रयोगशाळेतल्या स्फटिकाला रोजच्या रोज आकाशातून ताल देता येतो.

आता पुन्हा विमानतळावर चला, कारण धावपट्टीच्या टोकाशी उभा असलेला तो प्रक्षेपकही एका अर्थी सिग्नल जनरेटरच आहे, आणि त्याची परीक्षा सगळ्यांत कडक. त्याच्यावर स्वतंत्र पहारेकरी बसवलेले असतात. प्रक्षेपकातून आणि अँटेनांमधून निघालेली लहर ते क्षणोक्षणी तपासतात. दोन सुरांचा तोल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की पहारेकरी कुणालाही न विचारता प्रक्षेपक बंद करतात. शेजारी दुसरा प्रक्षेपक तयार असेल तर काम त्याच्याकडे जातं. तोही बिघडला तर सगळंच बंद. यासाठी मिळणारा वेळ ठरलेला आहे. साध्या प्रतीच्या यंत्रणेला जास्तीत जास्त १० सेकंद आणि दाट धुक्यात उतरवणाऱ्या सर्वांत काटेकोर प्रतीला फक्त २ सेकंद. लहर बंद झाली की वैमानिकासमोरच्या काट्यावर लाल निशाण येतं. “मला काही सांगता येत नाही,” असं तो काटा कबूल करतो आणि वैमानिक दुसरा मार्ग धरतो. चुकीचा काटा दाखवण्यापेक्षा काटाच न दाखवणं बरं, हे इथे यंत्राला शिकवून ठेवलेलं असतं.

पण पहारेकरीच झोपला तर? तुम्ही हे विचारणार, हे मला माहीत होतं. सुरुवातीच्या दिव्यांसारखंच इथेही करतात. तंत्रज्ञ वेळोवेळी मुद्दाम लहरीत ठरावीक चूक घालतात आणि पहारेकरी बंद करतो का ते बघतात. नाही केलं, तर पहारेकरी नापास! शिवाय ‘दाराबाहेर’ काय चाललंय ते पाहायला भारतीय विमानतळ प्राधिकरणाची खास विमानं आहेत. आत मोजमापाची यंत्रं भरलेली ही विमानं एकामागून एक विमानतळावर जातात, पुन्हा पुन्हा उतरण्याच्या रेषेवरून उडतात आणि लहर प्रत्यक्ष आकाशात कशी पोचते ते मोजतात. एखादं छोटं विमान धावपट्टीवर न उतरता सारखं येऊन-जाऊन करताना दिसलं, तर नवशिका वैमानिक म्हणून हसू नका. कदाचित परीक्षकच आला असेल.

आता तुमच्यासाठी कोडं. एका यंत्रातला मीटर खऱ्या शून्याला ०.०४ दाखवतो आणि खऱ्या १० व्होल्टला ९.८४. हाच मीटर आत्ता ६.९० दाखवतोय, तर खरा दाब किती? आणि दुसरं, जरा डोकं खाजवायला लावणारं. खिडकीतल्या आकड्याची एकच काडी मेलेली आहे. यंत्रानं ८ लावला तर तो ८ दिसत नाही, पण ५ लावला तर ५च दिसतो. मेलेली काडी कोणती? उत्तरं दोन असू शकतात. कागदावर सात काड्या काढून बघा आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवा. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.